बिघाड, कारण, उपाय

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली त्याला. हे मी कोणाला सांगितलं की लोक "असं का, छान" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. काढू देत बापडे. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधोमध वीस मिनिटं लटकायची वेळ त्यांच्यावर आलेली नसते.

मी त्याला काम करताना एकदाच पाहिलं. चष्मा घरी विसरून गेला होता, तो द्यायला मी एका कचेरीच्या इमारतीत गेले, तर हा तिसऱ्या मजल्यावर फरशीवर पालथा पडलेला. मी धावले. जवळ गेले तेव्हा कळलं, की लिफ्टच्या दाराच्या फटीला तोंड लावून तो कोणाशी तरी बोलतोय. आत एक बाई अडकली होती आणि दारावर धडाधड थापा मारत होती. हा अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी लिफ्टचा मेकॅनिक. तिसऱ्या मजल्यावर आहे, तुमच्या डोक्याच्या थोडासा वर. तुम्ही घाबरलाय, साहजिक आहे, कोणीही घाबरेल. आता मी वर मशीन रूममध्ये जाणार आहे. चार मिनिटं माझा आवाज येणार नाही. तेव्हा मी जिन्यात असेन, पळून गेलेलो नसेन. वर पोचलो की हाक मारतो." आणि खरोखर चार मिनिटांनी वरून हाक आली. तोवर थापा थांबल्या होत्या.

त्या दिवशी घरी मी त्याला विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

"कोणी नाही. चुकत चुकत कळतं," तो म्हणाला. "घाबरू नका असं म्हणायचं नाही, ताई. घाबरलेल्याला ते शिवीसारखं लागतं. पाच मिनिटांत काढतो असंही म्हणायचं नाही. सहावं मिनिट लागलं की तो आपला एक शब्द ऐकत नाही. आणि न सांगता जागचं हलायचं नाही. आतल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती कसली असते माहितीये? बाहेरचा निघून तर नाही ना गेला, याची."

मी मान डोलावली आणि वाढायला घेतलं. इतकं मोलाचं बोलणं आमच्या घरात झालं, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. कारण हे सगळं शहाणपण धाकटा हत्यारांच्या पेटीत बंद करून घरी यायचा, आणि पलीकडच्या खोलीत त्याची स्वतःची मुलगी दारावर थापा मारत असायची.

माझी भाची नऊ वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली आणि मी माझं चंबूगबाळं घेऊन त्यांच्याकडे राहायला आले. मी शाळेच्या कचेरीत लेखनिक होते, लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, तेव्हा मागे काही सोडायचंही नव्हतं. पोर हुशार, बोलकी, नकला करण्यात पटाईत. माझी शिंक ती अशी काढून दाखवायची की मलाच रुमाल शोधावासा वाटे. पण पंधराव्या वर्षापासून काहीतरी बिनसलं. मैत्रिणीचं उत्तर दोन तास आलं नाही की तिच्या लेखी ती मैत्री मेली. सकाळी मी जगातली सगळ्यात चांगली आत्या, आणि संध्याकाळी तिला माझं तोंड बघवत नसे. राग यायचा तो घर डोक्यावर घेणारा, आणि ओसरला की स्वतःचाच इतका तिटकारा यायचा की ती स्वतःला इजा करून घ्यायची. दोनदा आम्ही तिला कॅज्युअल्टीत नेलं. दुसऱ्या वेळी ती वाचली ते नशीब, मी उगाच सौम्य शब्द वापरणार नाही.

तिथली एक नर्स तिच्यासमोरच दुसरीला म्हणाली, "लक्ष वेधून घ्यायला करतात गं या मुली." मी तिथेच तिची खरडपट्टी काढली. पण खरं सांगायचं तर घरी मी तरी काय वेगळं बोलत होते? वेळेवर एक ठेवून दिली असती तर ही वेळ आली नसती, असं मी शेजारणीला सांगितलेलं आहे. भिंती पातळ होत्या. पोरीने ते ऐकलं होतं. आणि धाकटा? तो कामावरून यायचा, बंद दाराकडे बघायचा आणि म्हणायचा, "काही झालेलं नाही. पाच मिनिटांत बरं वाटेल. जेवून घे." मग न सांगता गच्चीवर निघून जायचा. स्वतःचे तिन्ही नियम एका दमात मोडायचा.

ती बावीस वर्षांची झाली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला नाव दिलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. त्याआधीच्या एका डॉक्टरांनी "असे पेशंट मी घेत नाही" म्हणून फाईल परत केली होती. या बाईंनी तासभर पोरीशी बोलून मग आम्हाला आत बोलावलं. धाकट्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, गिऱ्हाईकाने त्याला विचारावा तसा प्रश्न विचारला, "दुरुस्त होतं का हे?"

"वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "पण नीट उपचार मिळाले तर बहुतेकांना खूप बरं वाटतं."

"मग सात वर्षांत हे कोणी बोललं का नाही?"

बाईंनी उपचाराचा कागद आमच्यापुढे सरकवला. उपचार वर्षभराचा होता. दर मंगळवारी ग्रुप, शिवाय आठवड्यातून एकदा डॉक्टरांशी एकटीची भेट. भावनेचा लोंढा आला की त्यात वाहून न जाता उभं कसं राहायचं, हे तिथे सरावाने शिकवत. नियम एकच कडक होता. ग्रुपचे लागोपाठ चार मंगळवार चुकले की नाव कमी, आणि पुन्हा नंबर लागायला दीड वर्ष. दीड वर्ष आपली पोर तग धरेल का, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. आम्हाला उत्तराची भीती वाटत होती.

घरच्यांसाठी वेगळा वर्ग होता, दर गुरुवारी, रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून. यंत्रं घरघरायची, भिंत कोमट लागायची, प्लास्टिकच्या अकरा खुर्च्या. वर्ग घेणारी नर्स ठरलेल्या मिनिटाला सुरू करायची आणि ठरलेल्या मिनिटाला संपवायची, म्हणून मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलं. पहिल्याच दिवशी एका बापाने विचारलं, आमचं काय चुकलं? घड्याळबाई म्हणाल्या, "एवढं मोठं दुखणं एकाच खुंटीला टांगू नका. आई गेली, शाळा बदलली, स्वभाव हळवा, सगळं थोडं थोडं असतं. इथे गुन्हेगार शोधायचा नाहीये. घरी गेल्यावर कसं बोलायचं तेवढं शिकू." मी पर्समध्ये रुमाल शोधला. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यातून खाली उतरवलं होतं.

आणि मग आम्ही घोळ घातला. आम्ही म्हणजे दोघांनी. धाकट्यावर सगळं ढकलायला मी काही इतकी साळसूद नाही.

घड्याळबाईंनी सांगितलं होतं, की घरात भडका उडतो तेव्हा आधी काय घडलं, याच्याकडे लक्ष द्या. आता प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये एक वही टांगलेली असते. मेकॅनिक आला की त्यात नोंद करतो, तारीख, वेळ, बिघाड, कारण, उपाय, सही. धाकट्याला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. त्याने वही आणली आणि मी, जन्मभर शाळेची रजिस्टरं आखलेली बाई, लाल शाईने पट्टी धरून त्यात सुरेख रकाने पाडून दिले. सहा आठवडे तो रोज लिहीत होता. "बिघाड: ताट ढकलले. कारण: मैत्रीण साखरपुड्याला बोलवायला विसरली. उपाय: समजावले. गुण नाही." अक्षर मोत्यासारखं. मला तर त्याचं भारी कौतुक वाटत होतं.

एका सोमवारी दुपारी पोर कात्री शोधत होती आणि तिला कपाटात ती वही सापडली.

ओरडली असती तर परवडलं असतं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि वही माझ्यापुढे धरून इतकंच म्हणाली, "रेघा तुझ्या आहेत ना, आत्या?"

संध्याकाळी बाप आल्यावर त्याला विचारलं, "मी लिफ्ट आहे का?" तो म्हणाला, "अगं, तुझ्या भल्यासाठीच..." वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या खोलीचं दार लागलं.

त्या आठवड्याचा मंगळवार चुकला. पुढचा चुकला. तिसराही चुकला. आम्ही आसपास नसताना ती बाहेर यायची, झाकून ठेवलेलं काहीबाही खायची आणि परत आत. घड्याळबाईंच्या सांगण्यावरून घरातली सगळी औषधं मी कुलपात ठेवली होती, आणि डॉक्टरीणबाई रोज तिला फोन करत होत्या. त्यांचा फोन तेवढा ती घ्यायची. तिसरा मंगळवार चुकल्यावर मी घड्याळबाईंना गाठलं आणि म्हटलं, एवढ्या वेळेला तुमचा नियम जरा वाकवा.

"नाही वाकवता येणार," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी वाकवला तर तिला काय कळेल? की इथलीही माणसं बोलतात एक आणि करतात एक." मग हळूच म्हणाल्या, "मलाही ती परत यायला हवी आहे हो."

मी तणतणत घरी आले. शुक्रवार होता. धाकटा दारासमोर उभा राहून म्हणत होता, "बाळा, काही झालेलं नाही, उघड बघू, पाच मिनिटं बोलू," आणि माझं डोकंच फिरलं.

"अरे, काय काही झालेलं नाही?" मी ओरडले. "कोण कुठली बाई लिफ्टमध्ये अडकली तर तिच्यासाठी जमिनीवर पालथा पडतोस! तिला म्हणतोस का, काही झालेलं नाही? तिच्याशी बोलतोस तसं बोल की हिच्याशी!"

मी काय बोलून गेले ते मला नंतर कळलं. त्याला लगेच कळलं.  मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याने दारापाशी ठेवलं, बसला, आणि त्याचा आवाज बदलला. त्या तिसऱ्या मजल्यावरचा आवाज होता तो.

"मी बाबा. दाराबाहेर स्टुलावर बसलोय. वही लिहिली ती माझी चूक. तुला राग आला, तो बरोबर आहे, माझ्यावर कोणी अशी वही लिहिली असती तर मलाही आला असता. दार उघड असं मी म्हणणार नाही. तू कधी उघडशील ते मला माहीत नाही. मी अर्धा तास इथे बसणार आहे. मग आंघोळीला जाईन. उद्या चार वाजता परत येईन."

 तो अर्धा तास बसला. उठताना म्हणाला, "आता मी आंघोळीला चाललो," आणि गेला. शनिवारी चारला स्टुलावर. रविवारी चारला स्टुलावर. काय बोलायचा? कुठल्या इमारतीत काय काम झालं, एका म्हाताऱ्याने त्याला चुकून डॉक्टर कसं म्हटलं, असलंच. मला मधे बोलायची उबळ यायची, तेव्हा मी तोंडात बडीशेप टाकायची. त्या तीन दिवसांत पाव किलो संपली असेल.

सोमवारी, चौथ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, साडेतीन वाजता आतून पोरीचा फोन वाजताना ऐकू आला. वाजून वाजून बंद पडला. मग बापाने रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप तिने मोठ्या आवाजात लावला. मुद्दाम मला ऐकू जावा म्हणून की काय, देव जाणे. "मी बाबा. चार वाजता येतो म्हणालो होतो, ते जमणार नाही. एक माणूस नवव्या मजल्यावर अडकलाय, एकटा आहे, त्याला दम लागतोय. मी त्याला सोडून येऊ शकत नाही. सव्वापाचला येईन. उशीर होणार असला तर पुन्हा सांगेन."

माझा भाऊ आयुष्यात कधी घरी उशिराचा फोन करणाऱ्यातला नव्हता. मी घड्याळाकडे बघत बसले. चार वाजले, साडेचार वाजले. पाचला मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. या माणसाला आज सव्वापाचची वेळ गाठता आली नाही तर सगळं मुसळ केरात, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाच वाजून बारा मिनिटांनी तो कोपऱ्यावरून वळला. हातातल्या पेटीसकट पळत होता. एक्कावन्न वर्षांचा माणूस, गणवेशाला वंगण लागलेलं, तोंडाला फेस आलेला.

तो स्टुलावर बसला आणि धापा टाकत म्हणाला, "मी बाबा. आलो."

कडी वाजली. एकवीस दिवसांनी दार आमच्यासमोर उघडलं. पोर केस पिंजारलेल्या अवस्थेत उभी होती, आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"निघाला का तो माणूस?"

"निघाला," धाकटा म्हणाला. "छत्तीस मिनिटं लागली. बाहेर आल्यावर तो माझा हात सोडेचना."

"तू नसतास आला, तर?"

"मग दुसरं कोणीतरी आलं असतं. पण त्याला ते आत बसून कसं कळणार?"

ती दारातून बाहेर आली. मग म्हणाली, "वही आण."

मला वाटलं, आता फाडणार. तिने वही उलटी केली, मागच्या बाजूने पहिलं पान उघडलं, आणि माझेच लाल रकाने वापरून लिहिलं, "बाबा. बिघाड: प्रश्न विचारतो आणि उत्तराआधी उपाय सांगतो. कारण: घाबरतो. उपाय: आधी विचारायचं, नुसतं ऐकू की काही सुचवू?" खाली सही. मग माझ्याकडे बघून दुसरी ओळ, "आत्या. बिघाड: उसासे." कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, "स्वभाव." उपायाचा रकाना रिकामा सोडला. बाप फिसकन हसला. मी उसासा टाकणार होते, तो गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून तयार होती. मंगळवार चुकला नाही. वर्ष पुरं होईपर्यंत पुन्हा एकही चुकला नाही.

जादू झाली असं कोणी समजू नये. त्या वर्षात दोन वाईट आठवडे आले, एकदा पुन्हा कॅज्युअल्टीची पायरी चढावी लागली. पण यावेळी ती स्वतः बापाला उठवायला आली आणि म्हणाली, "मला माझी भीती वाटतेय, चल." कॅज्युअल्टीत पुन्हा तेच, "या मुली अशाच." धाकटा तिथे भांडला नाही. त्याने दुसऱ्या दिवशी रुग्णालयाला दोन पानी पत्र लिहिलं. अडकलेल्या माणसाशी पहिली पाच मिनिटं कसं बोलावं, एवढंच त्यात होतं. घड्याळबाईंनी ते पत्र वर पोचवलं आणि वरून निरोप आला, की कॅज्युअल्टीच्या सगळ्या नर्सेस आणि डॉक्टरांपुढे येऊन हे बोलाल का?

माझा भाऊ, जो माझ्या निवृत्तीच्या समारंभात दोन शब्द बोला म्हटल्यावर "जेवण तयार आहे" एवढे तीनच शब्द बोलून खाली बसला होता!

सभागृह भरलेलं होतं. सत्तर माणसं तरी असतील, निम्मी पांढऱ्या कोटात. धाकटा इस्त्री केलेल्या कामाच्या गणवेशात माइकसमोर गेला, कागद उघडला, आणि गप्प. दहा सेकंद झाले, वीस झाले.  त्याच्या कानशिलावरून घाम ओघळताना मला दिसत होता. मागे कोणीतरी खाकरलं. मी उठून काहीतरी बोलणारच होते, इतक्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

पोर उभी राहिली होती. अगदी रोजच्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, मी इथे आहे. दुसऱ्या रांगेत, आत्याच्या शेजारी. तू घाबरलायस, साहजिक आहे, कोणीही घाबरेल. घाई नाही. मी इथेच उभी राहते. तुझं झालं की मग बसेन."

 धाकट्याने कागदावरची नजर वर उचलली आणि तिच्याकडे बघितलं. मग कागद घडी करून खिशात टाकला.

"मी लिफ्टचा मेकॅनिक," तो म्हणाला. "आत्ता जे झालं, तेच सांगायला मी आलो होतो. ही माझी मुलगी."

तो चाळीस मिनिटं बोलला आणि ती चाळीस मिनिटं उभी होती. वहीची गोष्टसुद्धा त्याने सांगितली, तिला आधी विचारून. कॅज्युअल्टीतली ती नर्स, जिची मी खरडपट्टी काढली होती, तिसऱ्या रांगेत बसून खाली मान घालून लिहून घेत होती. आता तिथे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ती दोन पानं आधी वाचायला देतात. गुरुवारच्या वर्गात खुर्च्या अकराच्या बावीस झाल्या आहेत आणि पहिला तास धाकटा घेतो, ठरलेल्या मिनिटाला सुरू करून. हे मी सगळ्यांना सांगते, भाजीवाल्यालाही सांगते, आणि आता कोणी विषय बदलायला लागलं तर बदलू देत नाही.

त्या दिवशी सभागृहात माझं काय झालं, ते मी लपवणार होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वही टेबलावर उघडी पडलेली होती. मागच्या बाजूला, माझ्या लाल रकान्यांत, पोरीच्या अक्षरात कालच्या तारखेची नोंद होती.

"आत्या. सत्तर माणसांसमोर मोठ्याने रडली. बिघाड नाही."

खाली सही होती. मी चहा ठेवला आणि दोघांना उठवलं.